खडकशाळेतला शून्य दाब

१

शनिवारी सकाळी साडेआठला मी खडकशाळेत पोचलो तेव्हा सगळे दारात उभे होते. आत टाकीच्या दाबाच्या गेजचा काटा शून्यावर होता. गुरुवारी संध्याकाळी मी स्वतः तो पन्नासवर पाहिला होता.

खडकशाळा हे आमच्या तोंडी बसलेलं नाव. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या पाटीवरचं नाव लांबलचक आहे. कारखान्याच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड पकडायचा आणि जमिनीखाली खोल खडकात कायमचा कोंडून ठेवायचा, हे काम इथे सहा आठवड्यांत शिकवतात. उन्मेष सर प्रमुख. ते पुण्याचे, भूगर्भशास्त्रातले डॉक्टर. ते खडक शिकवतात आणि मी गेज वाचायला शिकवतो. चौतीस वर्षं एका केमिकल कारखान्यात हेच काम केलं, निवृत्त झालो, दोन वर्षांपूर्वी इथे लागलो.

टाकी ही प्रत्येक तुकडीची शेवटची परीक्षा असते. पुरुषभर उंचीची पोलादी टाकी, आत काळ्या पाषाणाचे कापून काढलेले गोल तुकडे. त्यांच्यावर दाबाने वायू सोडायचा, सगळं बंद करायचं आणि एकवीस दिवस बघायचं की खडक वायू धरतो का. दिवसा दर तासाला आकडे वहीत लिहायचे. तो विसावा दिवस होता.

टाकीच्या बुडाशी लाल चाकाचा व्हॉल्व्ह आहे. परीक्षा संपली की त्याला नळी जोडून उरलेला वायू बाहेर सोडतात. नळी खुंटीवर तशीच होती, पण लाल चाक दोन फेरे उघडं होतं.

शुक्रवारी वसाहतीला सुट्टी असते, आम्हालाही. पण टाकीला सुट्टी नाही, म्हणून तुकडीतल्या तिघांच्या पाळ्या लावल्या होत्या. आठ ते बारा सोहम, बारा ते चार महेश, चार ते आठ माधवी. वहीतली शेवटची सही माधवीची होती.

माधवी जांभूळ गावची. घरी शेती, बाप कैलास सकाळी दूध घालतो. ती बदलापूरच्या एका कारखान्यात कंत्राटी ऑपरेटर आहे. त्या कारखान्यात वायू पकडण्याचं नवं युनिट येतंय आणि प्रमाणपत्र मिळालं तर तिथे तिला कायम करणार होते. नाही मिळालं तर महिनाअखेरीला कंत्राट संपत होतं. उत्तीर्णांची यादी सोमवारी दुपारी बारापर्यंत कारखान्याला जायची होती.

सरांनी तिला शांतपणेच विचारलं. ती म्हणाली, लाल चाकाला मी हात लावला नाही. दाब वाढत होता, तो मी लिहिलाय.

"वाढतोय हे दिसत होतं, तर केलंस काय?"

"काकांना फोन केला, सर. इथल्याच फोनवरून. तीनदा. वाजत होता, उचलला नाही."

टाकीच्या खोलीत मोबाइल नेता येत नाही, तो बाहेर खणात ठेवावा लागतो. आत एक साधा फोन आहे, जुना, ज्यावर केलेले कॉल दिसत नाहीत.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिशातून मोबाइल काढला. शुक्रवारी मुलीचा सकाळी एक फोन होता. बाकी काही नव्हतं.

"माझ्याकडे एकही कॉल नाही," मी म्हणालो.

माधवीने माझ्याकडे बघितलं.

२

सरांनी सांगितलं की सोमवारी सकाळी ते ठरवतील. आत्तापर्यंत दिसतंय त्यावरून तिचं नाव यादीत घालता येणार नाही. चूक झाली तर समजू शकतो, पण वर फोन केल्याचं खोटं सांगणाऱ्या माणसाच्या हाती वायूचा व्हॉल्व्ह कसा द्यायचा?

ते बरोबर होतं. पण मला वही खुपत होती. वीस दिवस मी तिचे आकडे पाहत होतो. काटा दोन रेघांच्या मधे असला तर बाकीची मुलं जवळची रेघ लिहितात, ही "मधे" असं लिहिते. एकदा गेजची काच धुरकट होती तर तिने आकडा न लिहिता "दिसत नाही" लिहिलं होतं. खोटं बोलणारं माणूस असं लिहीत नाही. पण फोन आला नव्हता हेही खरं होतं. या दोन गोष्टी एकत्र बसेनात.

दुपारी सोहमने माझा डबा आणून दिला. सोहम बदलापूरचा, आमच्याच इमारतीतला, एका औषध कंपनीत ऑफिसर. त्याची आई, माई, माझ्या बायकोची पंचवीस वर्षांची मैत्रीण. ही गेल्याला आठ महिने झाले. तेव्हापासून माई रोज दोन डबे भरते आणि सोहम माझा मला आणून देतो. मी नको म्हणून पाहिलं. नंतर म्हणायचं सोडलं, कारण ती आमटी हिच्या आमटीच्या बरीच जवळ जाते.

मी सोहमला शुक्रवारचं विचारलं. तो म्हणाला, आठला आलो, टाकीचं पाणी चालू केलं, चार तास बसलो, बाराला महेशला किल्ली दिली. सगळं ठीक होतं.

मग मी कौसाबाईला गाठलं. ती इथली झाडलोट करते. तिच्याकडेही एक किल्ली असते आणि शनिवारी साडेसातला ती सगळ्यांच्या आधी आत गेली होती. ती मागच्या ओट्यावर फडकी वाळत घालत होती. मी विचारलं, सकाळी आत काय पाहिलंस? ती म्हणाली, काय नाय, लादी पुसली आन् आले भाईर.

"गरगरलं का? डोकं जड झालं?"

"नाय बा."

मी टाकीच्या खोलीकडे पाहिलं. ती खोली जमिनीपासून तीन पायऱ्या खाली आहे, खिडकी नाही. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड. बंद खोलीत सुटला तर पाण्यासारखा तळाशी साचून राहतो. टाकीतला सगळा वायू रात्री त्या लाल चाकातून आत सुटला असता तर सकाळी गुडघ्याच्या वरपर्यंत भरलेला असता. आणि कौसाबाई लादी वाकून पुसते. वायूचा अलार्म बुधवारी दुरुस्तीला गेला होता, म्हणून तो वाजला की नाही हा प्रश्नच नव्हता.

"किती वेळ होतीस आत?"

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मी म्हणालो, बाई, एका पोरीचा कायमचा जॉब चाललाय. तू काय केलंस ते मी सरांना सांगणार नाही.

"सांगायचंच झालं तर माझंच नाव सांगा, दुसऱ्या कुनाचं नको," ती म्हणाली. मग हळूच म्हणाली, "दादा, मी थितं दिवा लावते."

३

तिची समजूत अशी होती की ज्या टाकीत वारा कोंडलाय, तिच्या पायाशी रोज दिवा लागला पाहिजे, नाहीतर कोंडलेलं रागावतं. तिच्या गावात विहीर खणताना असा दिवा लावत. टाकीच्या पायाशी, लादीवर, ती रोज सकाळी पणती लावायची, हात जोडायची, लादी पुसून होईपर्यंत ठेवायची आणि कोणी यायच्या आत उचलायची. प्रयोगशाळेत ज्योत लावायला सक्त मनाई आहे, म्हणून लपवून.

"आज लावलास?"

"लावला की."

"विझला?"

"कशाला विझंल? चांगला उभा जळत व्हता. पंधरा मिन्टं."

मी तिला पुन्हा विचारलं आणि तिने पुन्हा तेच सांगितलं.

आमच्या शाळेत पहिल्या दिवशी एकच प्रयोग दाखवतात. काचेच्या बरणीत हा वायू भरायचा आणि त्यात पेटती मेणबत्ती सोडायची. ती आत जाता जाता विझते. कौसाबाईची पणती लादीवर पंधरा मिनिटं जळली, म्हणजे साडेसातला खोलीत वायू नव्हता. वायू लाल चाकातून गेलेला नव्हता.

मग कुठून गेला? टाकीला दुसरी एकच वाट आहे. वरच्या बाजूला सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. दाब छपन्नच्या वर गेला की तो आपोआप उघडतो आणि वायू एका पाइपाने पत्र्यावरून बाहेर जातो. दाब उतरला की त्याने परत मिटायचं असतं. पण त्यात खडकाची बारीक पूड अडकली तर तो मिटत नाही, आणि टाकी पूर्ण रिकामी होते.

मी शिडी लावून पत्र्यावर चढलो. एकसष्टाव्या वर्षी हे बरं नव्हे, पण रागावणारं आता घरी कोणी नाही. पाइपाच्या तोंडाला कबुतरं बसू नयेत म्हणून प्लास्टिकचं झाकण लावलेलं असतं. ते झाकण शेजारच्या कारखान्याच्या पन्हळीत पडलं होतं आणि पाइपाच्या तोंडाला आतून राखाडी पूड चिकटली होती.

खाली उतरून मी वही घेऊन बसलो.

दाब छपन्नवर जायचं कारण एकच असू शकतं, टाकी तापली. एप्रिल महिना, वर पत्रा. म्हणूनच टाकीभोवती थंड पाणी फिरतं ठेवतात आणि त्यामुळे ती सत्तावीस अंशांवर राहते. हे पाणी वसाहतीच्या नळाचं. पण इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे की देखभालीसाठी शुक्रवारी नळाचं पाणी दिवसभर बंद असतं. त्यासाठी आम्ही गच्चीवरच्या टाकीतून वेगळी जोडणी केली आहे. शुक्रवारी सकाळी आठला पहिल्या पाळीने तिचा कॉक उघडायचा, एवढंच काम. गुरुवारी तो कॉक मी सोहमला नेऊन दाखवला होता. फक्त सोहमला, कारण पहिली पाळी त्याची होती. आधीच्या दोन शुक्रवारी मीच येऊन तो उघडला होता.

वहीत सोहमचे आकडे आठ, नऊ, दहा, अकरा आणि बारा वाजताचे होते. पाचही वेळा तापमान सत्तावीस, दाब पन्नास. त्याखाली महेशचा एक वाजताचा आकडा चौतीस आणि दाब त्रेपन्न. नंतर दर तासाला अर्धा-पाऊण अंश चढत माधवीचा आठ वाजताचा आकडा अडतीस, दाब पंचावन्न आणि पुढे "मधे".

दिवसभर दर तासाला पाऊण अंश चढणारी टाकी बारा ते एकमधे सात अंश चढत नाही. एक तर महेशने गेज चुकीचा वाचला, किंवा सोहमने तो वाचलाच नव्हता.

डबा अजून टेबलावर होता. मी तो उघडला, खाल्ला, घासून ठेवला. मग महेशच्या घरी जायला निघालो.

४

महेश उल्हासनगरचा सिंधी. कॅम्प नंबर तीनमधे त्यांचा जीन्स शिवायचा कारखाना आहे, खाली मशिनी, वर घर. बापाला तो गल्ल्यावर हवाय आणि त्याला सेफ्टी ऑफिसर व्हायचंय. शेअर रिक्षातून उतरून मी गल्लीत शिरलो तेव्हा तो दारातच निळ्या कापडाचे तागे मोजून घेत होता. मला पाहून त्याने एक तागा माझ्यासाठी खुर्चीसारखा ठेवला.

"बसा काका, पूरे अंबरनाथमधे असा सोफा नाय भेटणार."

चहा आला. मी एक वाजताच्या आकड्याचं विचारलं. तो म्हणाला, चौतीसच होता. त्याला वाटलं गरमी आहे, म्हणून टाकीही गरम. लाल रेघ छपन्नला, मग त्रेपन्नला कशाला कोणाला त्रास द्यायचा.

"सोहमने किल्ली कुठे दिली तुला?"

"गेटवर. मी आलो बारा बजे, तो माझ्यापेक्षा एक मिनिट आधी आला असेल. रिक्षावाला अजून छुट्टे देत होता त्याला."

"आत्ताच उतरला होता?"

महेश हुशार आहे. कपातला चहा संपवून म्हणाला, "काका, मी काय त्याच्या अगेन्स्ट बोलत नाय हां. मी बाथरूमला गेलो, परत आलो तर तो वहीत लिहीत होता. मला वाटलं बाराचं रीडिंग. पण बहुत देर लिहीत होता."

मी उठलो. निघता निघता म्हणालो की माधवीचंच वाईट वाटतं, तिने फोनचं खोटं सांगायला नको होतं.

"खोटं कशावरून?" तो म्हणाला. "तिथे फोनच्या बाजूला तुमचा नंबर आहे ना, तो मी पण एकदा लावला होता. दोन हफ्ते पहिले, पाण्याचा पाइप निघाला तेव्हा. रिंग जाते, कोई उठाता नाही. म्हणून तर मी ऑफिसमधून तुमचा मोबाइल नंबर घेतला."

"फोनच्या बाजूला माझा मोबाइल नंबरच आहे."

"नाय काका, दुसरा आहे. तुम्हीच लिहिलाय ना?"

लिहिला मीच होता. दोन वर्षांपूर्वी, शाळा सुरू झाली त्या आठवड्यात. आणि काय लिहिलं होतं ते मला आठवेना.

५

रविवारी सकाळी मी किल्ली घेऊन एकटाच खडकशाळेत गेलो. फोनच्या शेजारी भिंतीला चिकटवलेला कागद होता, माझ्याच अक्षरात.

"काही झालं तर आधी गुरुदत्तकाकांना फोन. मला विचारल्याशिवाय काही उघडू-बंद करू नये. परस्पर सरांना त्रास देऊ नये."

खाली नंबर. तो माझा नव्हता, हिचा होता.

कारखान्यात असताना मी सगळीकडे घरचाच नंबर द्यायचो. मशिनींच्या आवाजात मला खिशातला फोन ऐकू यायचा नाही. निरोप हिच्याकडे यायचा आणि ती मला बरोबर शोधून काढायची, मी शहाडला असो की भाजी घेत असो. पुढे घरचा फोन गेला आणि तिचा मोबाइल आला, तसा मी तिचा नंबर देऊ लागलो. हात त्याच वळणाने चालत राहिला. ती गेल्यावर तो कागद बदलायचा असतो हे माझ्या डोक्यातच आलं नाही, कारण मी तो कधी वाचतच नव्हतो.

तिचा मोबाइल घरी कपाटात आहे. मुलगी म्हणते, बाबा, तो नंबर बंद करा. मी करत नाही. दर रविवारी तो काढून चार्ज करतो, बघत नाही, आवाज बंद ठेवतो.

घरी येऊन मी कपाट उघडलं. खुर्चीवर बसून फोन पहिल्यांदाच नीट पाहिला. शुक्रवारचे तीन कॉल होते, खडकशाळेच्या नंबरवरून. पाच चाळीस, सहा पंचवीस, सात पन्नास. त्या वेळी मी याच खोलीत बसलो होतो, कपाटापासून चार हातांवर. टीव्ही लावला होता आणि बघत नव्हतो.

त्याखाली दोन आठवड्यांपूर्वीचा एक कॉल होता, महेशचा असणार. मधे रविवार येऊन गेले होते. मी चार्जर लावला होता आणि फोन उलटा ठेवला होता.

ती पोर सात पन्नासपर्यंत मला हाक मारत होती. पाण्याची दुसरी जोडणी कुठे आहे ते मी तिला सांगितलं नव्हतं, कशालाही हात लावायला मनाई केली होती, आणि सरांना सांगायलाही. मग सगळ्यांसमोर मोबाइल काढून तिला खोटं ठरवलं होतं.

संध्याकाळी मी सोहमला खाली गाड्या लावतात तिथे बोलावलं. तो आला आणि माझ्या तोंडाकडे बघूनच स्कूटरवर बसला. मी आरोप केला नाही. महेशने काय पाहिलं ते सांगितलं, पणतीचं सांगितलं, झाकणाचं सांगितलं. त्याने फार वेळ घेतला नाही. शुक्रवारी सकाळी ठाण्याला त्याची इंग्रजीची परीक्षा होती, परदेशी जाण्यासाठी लागते ती. घरी सांगितलं नव्हतं. परीक्षा लांबली. दहापर्यंत पोचेन म्हणून घरून परस्पर तिकडे गेला होता, आला तो बाराला. मागच्या शुक्रवारचे आकडे पाहून पाच ओळी भरल्या. कॉक उघडायचा विसरला, कारण महेश येऊन उभा होता.

"आणि शनिवारी?"

शनिवारी कौसाबाई बाहेर आल्यावर तो पहिला आत गेला होता. काटा शून्यावर पाहून त्याला सगळं कळलं.

"लाल चाक का फिरवलंस?"

वर माईने गॅलरीतला दिवा लावला.

"वहीत शेवटचं नाव तिचं होतं," तो म्हणाला. "तेवढंच डोक्यात आलं. काका, आईला सांगू नका."

मी म्हणालो, माईला तू सांगायचंस, आज. आणि उद्या नऊला वर्गात यायचंस. तो येईल की नाही याची मला खात्री नव्हती.

६

तो आला. वर्गात सर होते, महेश होता, माधवी शेवटच्या बाकावर होती. तिच्याबरोबर तिचा बाप आला होता आणि तो व्हरांड्यात चप्पल काढून उभा होता. मी त्याला आत बसायला सांगितलं. कौसाबाईला मी बोलावलं नव्हतं, तरी ती दाराशी येऊन उभी राहिली.

मी फळ्यापाशी गेलो. सर म्हणाले, बोला काका.

मी वायूची वाट आधी सांगितली. खोलीत वायू नव्हता हे मला कसं कळलं असं सरांनी विचारलं. मी म्हणालो, कसं ते सांगणार नाही, पण पत्र्यावरचं झाकण आणि पाइपातली पूड तुम्ही डोळ्यांनी बघा. तेवढ्यात दारातून कौसाबाई म्हणाली, "मी दिवा लावते सायेब, रोज. काय बोलायचं ते मला बोला." सर तिच्याकडे पाहत राहिले आणि मग त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. नंतर कळलं की त्यांनी दिव्याला बंदी कायम ठेवली आणि त्या खोलीत दुसरा अलार्म बसवायला सांगितला.

मग मी आकडे सांगितले, सात अंशांची उडी सांगितली. पुढचं सोहमने उभं राहून स्वतः सांगितलं. परीक्षा, पाच ओळी, कॉक, लाल चाक. आवाज बारीक होता, पण त्याने काही गाळलं नाही.

महेश म्हणाला, "यार, मला बोलला असतास तर मी तुझी पाळी केली असती." सोहमने मान हलवली.

सर म्हणाले, म्हणजे दोष सोहमचा.

"सोहमचा दुसरा," मी म्हणालो. "पहिला माझा."

हिचा फोन मी टेबलावर ठेवला आणि ते तीन कॉल उघडून सरांना दाखवले. भिंतीवरचा कागद काढून आणला होता, तोही ठेवला. नंबर कोणाचा तेही सांगितलं. मी म्हणालो, या मुलीने मी लिहिलं होतं तेच केलं, अक्षर न् अक्षर. मी लिहिलेलं चुकीचं होतं. सोहमचा कॉक राहिला तरी मी पाच चाळीसला फोन उचलला असता तर टाकी वाचली असती. शनिवारी ती खरं बोलत होती आणि मी तिला खोटी पाडली. तुम्ही मला काढलंत तर चालेल, पण यादी बाराच्या आत जाऊ द्या.

सर कागद वाचत होते. "परस्पर सरांना त्रास देऊ नये," त्यांनी मोठ्याने वाचलं. "हे मी कधी सांगितलं होतं?"

"तुम्ही नाही सांगितलं. आमच्या कारखान्यात तसं होतं."

त्यांनी मला काढलं नाही. म्हणाले, नवी सूचना माधवीला लिहू द्या, तुम्ही नको. सोहमचं प्रमाणपत्र अडवलं आणि त्याच्या कंपनीला कळवायचं ठरलं. सोमवारी अकरा वाजून दहा मिनिटांनी यादी गेली. तीत माधवीचं नाव होतं आणि सरांनी खाली दोन ओळी जास्त लिहिल्या होत्या, की हिचे आकडे खरे होते आणि त्यांच्यामुळेच काय झालं ते कळलं. तिच्या बापाने ते दोनदा वाचून घेतलं, मग दुधाची किटली उचलून निघून गेला.

त्या दिवशी डबा आला नाही. तो येईल असं मी धरलंही नव्हतं.

पुढच्या चाचणीसाठी टाकीत वायू पुन्हा भरायचा होता. दुपारी मी आणि माधवी दोघेच त्या खोलीत होतो. मी सेफ्टी व्हॉल्व्ह उघडून, पुसून परत बसवला. ती वहीचं नवं पान आखत होती. मी तिला म्हणालो, माझं चुकलं.

ती आखतच राहिली. मग म्हणाली, "फोन नाय उचलला ते काय नाय, काका. माणूस गेलं की असं होतं. पण शनिवारी तुम्ही मोबाइल बघितलात आणि सरांकडे वळलात. माझ्याकडे बघून एकदा विचारायला पाहिजे होतं, कुठल्या नंबरला लावलास. एवढंच."

"हो," मी म्हणालो. "विचारायला पाहिजे होतं."

वायू हळूहळू आत जात होता आणि काटा चढत होता. तो थांबला तेव्हा मी गेजवर बोट ठेवून म्हणालो, पन्नास, लिही.

माधवीने पेन खाली ठेवलं. उठली, माझ्या शेजारी येऊन उभी राहिली, वाकून काटा स्वतः बघितला. मग जागेवर गेली आणि लिहिलं.